खांद्यातला चुना आणि चिठ्ठीवरचा प्रश्न

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. एका काठावर मध्य प्रदेशातलं पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मध्ये दगडांचा मारा. त्या संध्याकाळी एक्स-रेला विचारायचा प्रश्न एकच असतो : हाड मोडलं काय? त्या दिवशी तो रास्तच आहे. पण एरवी खांदा दुखतो म्हणून आलेल्या माणसाच्या फिल्मलाही आपण बहुधा तेवढंच विचारतो. ‘हाड ठीक आहे’ असं उत्तर मिळतं आणि हाडाच्या जरा वर दिसणारा पांढरा ठिपका तसाच राहून जातो.

तो ठिपका कॅल्शियमचा. खांद्याचे स्नायू ज्या दोऱ्यांनी दंडाच्या हाडाला बांधलेले असतात त्या कंडरांमध्ये, बहुतेक वेळा सुप्रास्पायनेटस या वरच्या कंडरेत, हायड्रॉक्सिअपॅटाइटचे कण साचतात. तिशी ते साठीच्या दरम्यान हे होतं, बायकांमध्ये थोडं जास्त. हात वर जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. लोक ‘वात’ म्हणतात, ‘खांदा जाम झाला’ म्हणतात, आणि शेक-मालिश सुरू होतं. या कॅल्शियमचं चित्र काढण्याची कला आज कुठे आहे आणि पांढुर्णा-सौसरच्या माणसाला तिच्यातलं किती मिळतं, ते नीट पाहायला हवं.

राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. १९०७ मध्ये पेंटर यांनी खांद्यातलं कॅल्शियम फिल्मवर दाखवलं. ते कंडरेवरच्या पिशवीत असतं, असा समज पुढे बरीच वर्षं होता. ते मुळात कंडरेतच असतं, हे बॉस्टनचे शल्यवैद्य कॉडमन यांनी १९३४ च्या ‘द शोल्डर’ या ग्रंथात मांडलं. १९४१ मध्ये बॉसवर्थ यांनी १२,१२२ खांद्यांच्या तपासणीचा अहवाल दिला. २.७ टक्के लोकांत कॅल्शियम सापडलं, आणि त्यातल्या अनेकांचा खांदा दुखतही नव्हता. ही गोष्ट आजही प्रत्येक रिपोर्टच्या शेजारी ठेवून वाचावी. ठिपका दिसला म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच, असं होत नाही.

साध्या एक्स-रेचं खरं कसब हात फिरवण्यात आहे. तळहात समोर ठेवून एक फिल्म, हाताची पालथी बाजू मांडीला टेकवून दुसरी. कंडरा हाडाला वळसा घालून बसते, म्हणून एका स्थितीत कॅल्शियम हाडाच्या सावलीत लपतं आणि हात वळवला की कडेला येऊन उघडं पडतं. मागच्या कंडरेतलं हात आत वळवल्यावरच नीट दिसतं. दुखऱ्या खांद्याचा हात वळवायला टेक्निशियनला दोन मिनिटं धीर धरावा लागतो, रुग्णाशी बोलावं लागतं. नवं यंत्र लागत नाही. तरी हातात येणाऱ्या पाकिटात पुष्कळदा एकच फिल्म असते, कारण चिठ्ठीवर तेवढंच लिहिलेलं असतं : ‘एक्स-रे, खांदा’.

चांगली फिल्म दुखण्याचा काळही सांगते. कडा रेखीव, रंग दाट, तर साठा खडूसारखा टणक आणि स्थिरावलेला. कडा पुसट, ढगासारखा विरळ, तर शरीर तो शोषून घेऊ लागलं आहे. आतला माल तेव्हा कालवलेल्या चुन्यासारखा मऊ झालेला असतो. माणूस रात्रभर कळवळतो तो नेमका याच टप्प्यात. दुखणं शिगेला असताना चित्र मात्र निवळत असतं. हे ज्याला वाचता येतं तो डॉक्टर घाबरलेल्या रुग्णाला खरा धीर देऊ शकतो, कारण असा साठा पुष्कळदा आपोआप जिरतो.

दुसरं साधन सोनोग्राफी. रुग्णाने पँटच्या मागच्या खिशावर तळहात ठेवला की वरची कंडरा हाडाच्या छपराखालून पुढे सरकते. तिच्यावर सपाट प्रोब फिरवला की टणक साठा चकचकीत कमानीसारखा दिसतो आणि खाली काळी सावली टाकतो. मऊ साठ्याची सावली फिकट, कधी नसतेच. डॉपलर लावला तर भोवती वाढलेला रक्तप्रवाह कळतो. थायरॉइड तपासायला वापरतात तोच प्रोब इथे चालतो. पण आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की गरोदरपण आणि पोट. १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे यंत्राची नोंदणी सक्तीची आहे आणि नोंदवलेल्या जागेबाहेर ते सहज नेता येत नाही. मुलींच्या जिवासाठी तो कायदा हवाच. म्हणून इथल्या यंत्रावर बसणाऱ्यालाच खांदा पाहायला शिकवणं, हीच वाट उरते.

तिसरं साधन एमआरआय, आणि सगळ्यात जास्त मान त्यालाच. रुग्ण सौसरहून, पांढुर्ण्याहून नागपूर गाठतो, दिवसाची मजुरी बुडवतो, जाडजूड पाकीट घेऊन परततो. फाटलेली कंडरा पाहायला एमआरआय चांगलं साधन आहे. पण त्यात निरोगी कंडरा काळी आणि कॅल्शियमही काळं, काळ्यात काळं हरवतं. शोषणाच्या टप्प्यात भोवती इतकी सूज उजळते की जंतुसंसर्गाची किंवा गाठीची शंका यावी. शेजारी साधा एक्स-रे असेल तर ती शंका पुष्कळदा लगेच मिटते.

या चित्रकलेने उपचारही हाती घेतले आहेत. सोनोग्राफीत पाहत सुई साठ्यात घालायची, सलाइनने धुऊन ते पांढरं पाणी सिरिंजमध्ये ओढायचं. निघालेला चुना डोळ्यांना दिसतो, त्यामुळे विश्वास लगेच बसतो. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये नॉर्वे-स्वीडनमधल्या २२० रुग्णांची चाचणी बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. खरं धुणं आणि स्टिरॉइड, लटकं धुणं आणि स्टिरॉइड, नुसतं लटकं धुणं, असे तीन गट होते. चार महिन्यांनी तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सुई दिसते आहे तेवढ्यावर ती घालण्याची घाई करू नये, हा त्यातला धडा.

शेवटी रिपोर्ट. तो इंग्रजीत येतो, दवाखान्याचा कारभार हिंदीत, माणूस मराठीत विचारतो : “खर्ऱ्यातला चुना खांद्यात साचला काय जी?” कॅल्शियमच्या धास्तीने कुणी दूध सोडतं. तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडासाठी घातकच आहे, पण खांद्यातला साठा खाण्यातल्या चुन्याने होत नाही. कंडरेतल्या पेशीच बदलतात आणि तिथल्या तिथे कॅल्शियम बनतं. हे एक वाक्य रुग्णाच्या भाषेत सांगणं तपासणीचाच भाग आहे.

त्याच ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर मिळून नवा जिल्हा झाला. मोठ्या यंत्रांची मागणी होईल, व्हावीही. पण खांद्याच्या दुखण्याला त्याआधी चिठ्ठीवर एक ओळ हवी आहे, आणि ती उद्या सकाळपासून लिहिता येईल : ‘एक्स-रे, खांदा, हात बाहेर वळवून एक, आत वळवून एक, कंडरेत कॅल्शियम आहे काय?’