मुक्या जिवाचे मोल

युद्धपट म्हटला की तोफा, झेंडे आणि शूरांच्या आरोळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या २०११ सालच्या ‘वॉर हॉर्स’चा नायक मात्र एक घोडा आहे, आणि घोड्याला शत्रू नसतो. या साध्या गोष्टीतच चित्रपटाचे सारे बळ साठवले आहे, असे मला वाटते.

मूळ कथा मायकेल मॉर्पर्गो यांच्या १९८२ सालच्या बालकादंबरीतली. इंग्लंडातील डेव्हन परगण्यात टेड नॅराकॉट हा कुळाने शेती करणारा गरीब माणूस राहतो. तो नांगरासाठी दणकट जनावर आणायला जातो आणि जमीनदाराशी ईर्षेला पेटून ३० गिनींना एक उमदे शिंगरू घेऊन येतो. त्याच्या बायकोचा संताप पोळ्याला बैल पुजणाऱ्या आपल्या घरांतील कोणत्याही शेतकरणीला समजेल! मुलगा अल्बर्ट त्या जोईला जीव लावतो, खडकाळ रानात नांगराला जुंपतो. १९१४ साली महायुद्ध पेटते आणि बाप खंड भागवण्यासाठी घोडा पलटणीतल्या कप्तानाला देऊन टाकतो.

कादंबरीत ही कहाणी घोडाच सांगतो. पडद्यावर तो मुका राहतो, हे बरेच झाले. घोडदळाच्या हल्ल्याचे दृश्य पाहा. मशीनगन धडधडू लागतात आणि रिकाम्या खोगिरांचे घोडे त्यांच्यावरून उड्या घेत जाताना दिसतात. स्वार कुठे गेले, हे सांगावे लागत नाही. फौजेतून पळालेल्या दोन कोवळ्या जर्मन भावांना गोळ्या घालतात, तेव्हा पवनचक्कीचे पाते नेमके मध्ये येते. दिग्दर्शकाने येथे भीषणता झाकली आहे, पण खोटी केलेली नाही.

सर्वांत हृद्य प्रसंग दोन खंदकांमधल्या ओसाड पट्ट्यातला. जोई काटेरी तारांत गुरफटला आहे. एक इंग्रज आणि एक जर्मन शिपाई मिळून तारा तोडतात आणि घोडा कोणाचा, हे नाणे उडवून ठरवतात. दोन राष्ट्रांना जे साधले नाही ते दोन शिपायांना घटकाभर साधते.

दोष नाहीत असे नाही. जर्मन आणि फ्रेंच माणसे सर्रास इंग्रजी बोलतात, योगायोगांची गर्दी होते आणि शेवटचा तांबूस सूर्यास्त फारच गोड आहे. जोई घरी परततो. खऱ्या युद्धातले लाखो घोडे परतले नाहीत. जुलै १९१६ मध्ये सोमच्या रणभूमीवर भाले घेऊन दौडत गेलेल्या आपल्या ‘डेक्कन हॉर्स’ रिसाल्याच्या मुक्या सोबत्यांची तरी कोणी कथा लिहिली?

तरीही एक गोष्ट मनात घर करते. जोईची कथा लिलावाने सुरू होते आणि युद्ध संपल्यावर पुन्हा लिलावाशीच येते. सरकारला तो आता नको असतो आणि खाटीकही बोली लावतो. अखेर एक फ्रेंच म्हातारा त्याला जिंकतो, आणि त्या घोड्याचे खरे मोल ओळखून तो अल्बर्टच्या हाती परत देतो. मालकी दामाने मिळते, नाते मिळत नाही. मुलांना जवळ बसवून हा चित्रपट पाहावा तो एवढ्यासाठी.