पी. बाळू आणि जर-तरचें चरित्र

जें घडलें नाहीं तें घडलें असें मानून थोर खेळाडूंचीं चरित्रें लिहिण्याचा एक प्रकार अलीकडे वाचकांच्या परिचयाचा झाला आहे. मोटार-शर्यतींचा जगज्जेता जिम क्लार्क १९६८ सालीं हॉकेनहाइम येथें अपघातांत मरण पावला. तो वांचता तर काय होतें, हा अशा लेखनास शोभणारा विषय होय. दैवानें हिरावलेलें कल्पनेनें परत द्यावें, ह्यांत गैर कांहींच नाहीं. परंतु हाच सांचा आमच्या पालवणकर बाळू ह्यांच्या चरित्रास लावतां येईल काय? आमच्या मतें नाहीं. आणि त्याचें कारण पाहण्यासारखें आहे.

चांभार कुळांत जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यास गोऱ्यांच्या जिमखान्यांत, खेळपट्टीची निगा राखतां राखतां आणि साहेबांना सरावाचे चेंडू टाकतां टाकतां घडला. पुण्याच्या हिंदु संघानें त्यांस मैदानांत घेतलें. चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या निराळ्या पेल्यांत दिला. पुढें १९०६ सालीं मुंबईंत हिंदूंनीं युरोपियनांस १०९ धांवांनीं हरविलें, तेव्हां त्यांत बाळूंचे आठ बळी होते. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं एकूण ११४ बळी मिळविले. तरीहि हिंदु संघाचें कप्तानपद रीतसर त्यांच्या वांट्यास कधींच आलें नाहीं.

ह्यावर कल्पनेचा सर्वांत सोपा इलाज म्हणजे १९३२ सालीं लॉर्ड्सवर, भारताच्या पहिल्या कसोटींत, बाळूंस कप्तान करणें. वाचकाचे डोळे पाणावतील. पण न्याय होणार नाहीं. १९३२ सालीं बाळू पन्नाशी ओलांडून गेले होते. तेथें त्यांस अडविलें तें वयानें. वयाचा दोष आणि माणसांचा दोष एकाच पारड्यांत घातला, कीं माणसें अलगद सुटतात. दुसरा इलाज त्यांची जातच पुसून टाकण्याचा. तो तर सर्वांत वाईट. कारण त्यांत अन्याय करणारे बदलत नाहींत, ज्याच्यावर अन्याय झाला तोच बदलतो.

खरें जर-तरचें चरित्र लिहावयाचें तर एकच गोष्ट बदलावी: कप्तान निवडणाऱ्या मंडळाचें मत. असें म्हणणें स्वप्नरंजन ठरत नाहीं, ह्याला पुरावा घरचाच आहे. बाळूंचे धाकटे बंधु विठ्ठल १९२३ सालीं हिंदूंचे कप्तान झाले आणि चौरंगी सामन्यांत त्यांचा संघ विजयी झाला. आकाश कोसळलें नाहीं. जें १९२३ सालीं करतां आलें, तें दहा वर्षें आधीं कां करतां आलें नाहीं, हा प्रश्न अपघाताला विचारतां येत नाहीं. तो माणसांनाच विचारावा लागतो. अशा ग्रंथाचा खरा विषय बाळूंचे वाढीव बळी नव्हेत. बंद दाराआड बसलेले सुशिक्षित सभासद होत.

आणखी एक सावधगिरी. नायकास हरएक मान बहाल करणारे लेखक बहुधा त्याची स्वतःची बुद्धि काढून घेतात. बाळू केवळ अन्याय सोसणारे नव्हते. १९३७ सालीं भायखळा-परळच्या मतदारसंघांत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि ११,२२५ मतें मिळवून पराभूत झाले; डॉक्टरांस १३,२४५ मतें पडलीं. कप्तानपद मिळालेला बाळू ह्याच बाजूस उभा राहिला असता काय? परळ-लालबागच्या चाळींत त्या वेळीं ह्या प्रश्नावर घरोघरीं दोन मतें असणें अगदीं साहजिक होतें. ह्या पेचाला जो लेखक भिडणार नाहीं, त्यानें ह्या वाटेस जाऊं नये.

जो भिडेल त्यानें आधीं विठ्ठल ह्यांचें १९४८ सालचें ‘माझे क्रीडा-जीवन’ वाचावें. घडलेलें नीट ठाऊक असल्यावांचून, न घडलेल्याची किंमत कळत नाहीं.