डेरीहून ग्लासगोला : पॅट्रिक मॅकगिल यांच्या दोन कादंबऱ्या

दारिद्र्याचें वर्णन करणारें पुस्तक हातीं घेतलें म्हणजे टीकाकारापुढें एक अडचण उभी राहते. त्यांतील हकीकत लेखकानें स्वतः भोगलेली असेल, तर तींत दोष काढणें निर्दयपणाचें वाटतें. आणि दोष न काढतां नुसते उसासे टाकून पुस्तक मिटावें, तर वाङ्मयाची कसोटी बाजूस ठेवल्याचें पाप पदरीं येतें. पॅट्रिक मॅकगिल यांच्या ‘चिल्ड्रेन ऑफ द डेड एंड’ (१९१४) व ‘द रॅट-पिट’ (१९१५) ह्या दोन कादंबऱ्या लागोपाठ वाचतांना ही अडचण आम्हांला पदोपदीं जाणवली. तरीहि तीं टाळण्यासारखीं पुस्तकें नव्हेत. मात्र तीं सुटींसुटीं न वाचतां एकमेकांशेजारीं ठेवून वाचलीं पाहिजेत, असें आमचें मत आहे. कारण दुसरें पुस्तक म्हणजे पहिल्याला लेखकानेंच दिलेलें उत्तर होय.

मॅकगिल हे आयर्लंडच्या वायव्येकडील डोनेगल परगण्यांतले. ग्लेंटीज गांवच्या आसपासच्या एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं ते वाढले. खेळण्याच्या वयांतच त्यांना स्ट्रबेनच्या जत्रेंत चाकरीस उभें राहावें लागलें. ह्या जत्रेंत मालक येऊन पोरांचे दंड चाचपून पाहत व सहा महिन्यांच्या बोलीनें त्यांना घेऊन जात. पुढें ते डेरीच्या बोटीनें स्कॉटलंडला गेले. बटाटे काढणाऱ्या टोळींत राबले, रेल्वेच्या रुळांवर राबले, आणि किनलॉकलेव्हन येथें ॲल्युमिनियमच्या कारखान्यासाठीं डोंगरांत धरण बांधलें जात होतें तेथें त्यांनीं पहार व फावडें चालविलें. ह्या सर्व धबडग्यांत मिळेल तें पुस्तक वाचून व कविता लिहून ते लंडनच्या वृत्तपत्रापर्यंत पोंचले. पहिल्या महायुद्धांत लंडन आयरिश पलटणींत लढतांना लूसच्या रणांगणावर १९१५ सालीं ते जखमी झाले. १९३० सालीं अमेरिकेस गेले व १९६३ सालीं तेथेंच वारले. एवढें चरित्र सांगणें अवश्य आहे, कारण पहिल्या कादंबरीचा नायक डर्मड फ्लिन हा बहुतांशीं लेखकच आहे.

डोनेगलचीं पोरें घर सोडून कां जात, हें दोन्ही पुस्तकांत फार चांगलें उतरलें आहे. १८४५ सालीं बटाट्यावर जो रोग पडला व जो भयंकर दुष्काळ त्याच्या पाठोपाठ आला, त्यानंतर ह्या मुलखांतून माणसांचा जो ओघ बाहेर वाहूं लागला तो पुढें कित्येक दशकें थांबला नाहीं. खडकाळ जमिनीचा तुकडा, त्यावरील खंड, सावकारी करणारा दुकानदार, आणि स्वतःच्या नव्या घरासाठीं भुकेल्या रयतेकडून वर्गणी उकळणारा पाद्री, ह्या चौघांच्या ओझ्याखालीं कुटुंब उभें राहायचें तें परगांवच्या मजुरीवर. त्यामुळें मूल जन्मास आलें कीं तें मिळवतें केव्हां होईल, याची वाट पाहिली जाते. डर्मड स्कॉटलंडला पोंचल्यावर घरून जीं पत्रें येतात त्यांत पैशांची मागणी असते. आपणांस आईबापांनीं पोटासाठीं जन्म दिला कीं काय, हा विचार त्याच्या मनांत विषासारखा भिनत जातो. तो जुगार खेळूं लागतो, पैसे पाठविणें थांबवितो आणि भटकत्या मजुरांच्या वाटेस लागतो. आईबाप दुष्ट नाहींत, मुलगा कृतघ्न नाहीं, तरी प्रेमाचा धागा पैशाच्या ओढीनें तुटतो. हा प्रसंग मॅकगिल यांनीं एकहि अश्रू न ढाळतां लिहिला आहे, आणि आमच्या मतें पहिल्या पुस्तकांतील सर्वांत मोठें यश तेंच होय.

ह्याच टोळींत नोरा रायन ही त्याच्या गांवची मुलगी बटाटे वेंचीत असते. पुरुषांनीं खणावें आणि बायकांनीं ओल्या मातींत गुडघे टेंकून सरपटत वेंचावें, रात्रीं सर्वांनीं गुरांच्या गोठ्यांत निजावें, अशी ती राहणी. (हें वर्णन कोणास अतिशयोक्त वाटेल, तर त्यानें आठवावें कीं १९३७ सालीं कर्किंटिलॉक येथें मजुरांच्या निवाऱ्यास आग लागून अकिल बेटावरून बटाट्यांच्या कामास आलेले दहा तरुण व पोरगे मृत्यु पावले.) पहिल्या पुस्तकांत नोरा मधेंच दृष्टिआड होते. डर्मड पुढें जातो, साथीदार मिळवितो, मारामाऱ्या करतो, पुस्तकें वाचतो, लेखक बनतो. आणि शेवटीं ती त्याला सांपडते ती ग्लासगोमध्यें, मरणाच्या दारीं. म्हणजे तिचें सारें दुःख नायकाच्या शोकाला शेवटचा रंग चढविण्यापुरतेंच उरतें. वाचकाच्या मनांत सहजच प्रश्न येतो कीं मधल्या काळांत ह्या मुलीचें काय झालें?

‘द रॅट-पिट’ ही कादंबरी ह्या प्रश्नाचें उत्तर आहे. आरंभींच समुद्राच्या खाडीकांठीं थंडीनें कुडकुडणाऱ्या बायका दिसतात. ओहोटी होऊन पाणी उतरलें म्हणजे त्यांतून चालत पलीकडे जावयाचें, व्यापाऱ्याकडून लोकर आणावयाची आणि मोजे विणून चार कवड्या मिळवावयाच्या. त्यांत अनवाणी नोरा आहे. पुढें तीच बोट, तींच शेतें, तोच गोठा. पण पाहणारे डोळे निराळे. शेतमालकाच्या मुलाचें तिच्यावर मन जातें, ती फसते, आणि गरोदर स्थितींत ग्लासगोचा रस्ता धरते. जहाजें बांधणाऱ्या त्या अवाढव्य शहरांत तिच्या वांट्यास येतें तें काय? बायकांची एक कळकट धर्मशाळा, जिच्या नांवावरून पुस्तकाचें नांव पडलें, तुटपुंज्या मजुरीचें शिवणकाम, चिंध्या वेंचणें, मुलाचें मरण, आणि शेवटीं रस्ता.

दोन्ही पुस्तकें एकत्र वाचलीं म्हणजे लेखकानें कोठेंहि उघड न सांगितलेली गोष्ट लख्ख दिसते. घरून मागणी दोघांकडेहि येते. पण डर्मड ती झुगारूं शकतो, कारण पुरुषाला रस्ता मोकळा आहे. पायांखालीं वाट आणि डोक्यावर आभाळ असलें कीं त्याच्या भटकण्याला साहस म्हणतात. नोराला तीच वाट बदनामीची आहे. तो रस्त्यावर आला तर फिरस्ता ठरतो, ती आली तर पतित ठरते.

आतां दोष. शेतमालकाचा मुलगा हा माणूस वाटत नाहीं. कथेला ढकलण्यापुरता तो येतो व जातो. पुस्तकाचा उत्तरार्ध आपत्तींवर आपत्ती रचीत जातो, त्यामुळें वाचकाचें मन द्रवण्याऐवजीं बधिर होऊं लागतें. मरणशय्येवरील भेटींत तर लेखकाची भाषा एकाएकीं नाटकी होते. परंतु आमचा मोठा आक्षेप याहून निराळा आहे. नोराला स्वतंत्र पुस्तक देऊनहि मॅकगिल तिला जगूं देत नाहींत. मेलेल्या स्त्रीवर दया करणें समाजाला सोपें जातें. जिवंत राहून जी डोळ्यांस डोळा भिडवील, तिच्याविषयीं काय करावें, हा प्रश्न अवघड आहे, आणि लेखकानें तो टाळला आहे.

तो अगदींच टाळला असें मात्र म्हणतां येत नाहीं, कारण ह्या पुस्तकांत शीला कॅरल आहे. लग्नावांचून मूल झालें म्हणून गांवानें जिला वाळींत टाकलें, जिचें नांवहि न घेतां लोक आपल्या बोलींत नुसतें ‘ती बाई’ म्हणत, तीच शीला ग्लासगोमध्यें नोराला जवळ करते. देवळांत जाणाऱ्या गांवानें जें दिलें नाहीं तें घाणेरड्या खोलींतल्या बहिष्कृत बाईनें दिलें. शहर माणसाला चिरडतें हें शेंकडों लेखकांनीं लिहिलें आहे. पण गांवानें टाकलेल्यांना शहरांतच एकमेकांचा आधार सांपडतो, हें सत्य इतक्या साधेपणानें सांगणारे थोडे. नोरासाठीं आम्हीं हळहळलों, पण आठवणींत राहिली ती शीला.

कोंकणांतून बोटीनें येऊन गिरणगांवांत राबणाऱ्या आणि दरमहा गांवीं मनीऑर्डर धाडणाऱ्या माणसांची हकीकत आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. त्या माणसांना जेवूं घालणाऱ्या खानावळवाल्या बाया, त्यांतील कित्येक घराला पारख्या झालेल्या, आतां गिरण्यांच्या भोंग्यांबरोबरच गेल्या. गिरणी कामगारावर मराठींत लिहिलें गेलें. त्या मानानें ह्या बायांवर फारच थोडें. मॅकगिल यांचीं पुस्तकें निर्दोष नाहींत. परंतु स्वतःची कहाणी सांगून झाल्यावर, आपल्या कहाणींत जिला आपण कोंपऱ्यांत उभी केली तिच्याकडे वळून पाहण्याची बुद्धि त्यांना झाली, आणि तीहि वर्षभराच्या आंत. लेखकाच्या अंगीं ही लाज असणें, हा गुण आम्ही शैलीच्या सफाईहून मोठा मानतों.