दोस्तीचे भांडवल

आपल्याकडे चित्रपटावर लिहिताना एक तर नटनट्यांच्या आठवणी लिहिल्या जातात, नाही तर दिग्दर्शकाच्या शैलीची चर्चा होते. चित्रपट कोण काढू शकतो, त्या धंद्यात कोणाच्या ओळखीने शिरता येते आणि शिरेपर्यंत माणूस जगतो कशावर, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मीही ते कधी विचारले नव्हते. माझ्या एका विद्यार्थ्याने मला ते विचारायला भाग पाडले.

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात आम्ही ‘प्यासा’ दाखवला. प्रास्ताविक माझ्याकडे होते. मुलांना गोडी लागावी म्हणून मी देव आनंद आणि गुरुदत्त यांच्या दोस्तीची सर्वश्रुत गोष्ट सांगितली. १९४६ चा ‘हम एक हैं’ हा देव आनंदचा पहिला चित्रपट पुण्याच्या प्रभातमध्ये तयार झाला. गुरुदत्त तेव्हा तेथेच साहाय्यक होता. दोघांचे कपडे एकाच धोब्याकडे जात. धोब्याच्या हातून शर्टांची अदलाबदल झाली आणि त्यातून ओळख झाली. मग दोघांनी एकमेकांना शब्द दिला. देव निर्माता झाला तर दिग्दर्शक गुरुदत्त असेल, गुरुदत्तने चित्रपट काढला तर नायक देव असेल. १९५१ साली ‘बाझी’ आला आणि देवने आपला शब्द खरा केला. १९५६ च्या ‘सी. आय. डी.’मध्ये निर्माता गुरुदत्त होता आणि नायक देव. फेडही झाली.

मुलांना गोष्ट आवडली. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील वीटभट्टीवर कामाला आहेत. तो म्हणाला, “सर, शब्द दिला शेहेचाळीसला, पिक्चर आलं एक्कावन्नला. मधली पाच वर्षं त्यांचं भाडं कोण भरत होतं?”

वर्ग हसला. मी हसू शकलो नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा ही गोष्ट मला वेगळीच दिसू लागली. देव आनंद हा वकिलाचा मुलगा, लाहोरच्या सरकारी महाविद्यालयाचा इंग्रजीचा पदवीधर. १९४३ साली तो मुंबईत आला तेव्हा थोरला भाऊ चेतन आनंद नाट्य-चित्रपटाच्या वर्तुळात वावरत होता. सुरुवातीच्या दिवसांत देवने लष्करी सेन्सॉर कचेरीत सैनिकांची पत्रे तपासण्याची नोकरी केली. ती इंग्रजी शिक्षणामुळे मिळाली. चेतनच्या ‘नीचा नगर’ने १९४६ साली कान महोत्सवात सर्वोच्च सन्मान मिळवला. १९४९ साली दोघा भावांनी ‘नवकेतन’ काढली. त्यांचा पहिला चित्रपट ‘अफसर’ चालला नाही, तरी पुढच्याच वर्षी ‘बाझी’ काढण्याइतका दम त्यांच्यात शिल्लक होता.

गुरुदत्तच्या घरी श्रीमंती नव्हती. कलकत्त्यात त्याने टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केलेली होती. पण अल्मोड्याला उदय शंकर यांच्या केंद्रात शिकण्याची संधी त्याला लाभली. एका नातलगाच्या खटपटीने १९४४ साली प्रभातमध्ये तीन वर्षांचा करार झाला. करार संपल्यावर सुमारे दहा महिने तो बेकार होता. त्या काळात तो माटुंग्याला आपल्या घरच्यांकडे राहिला आणि इंग्रजीत कथा लिहू लागला. नंतर अमिय चक्रवर्ती आणि ज्ञान मुखर्जी यांच्या हाताखाली त्याला काम मिळाले.

म्हणजे भाडे कोणी भरले, याचे उत्तर असे की भाडे भरण्याची वेळच आली नाही. माटुंग्याला घर होते. मुंबईत भाऊ होता.

ही माणसे लबाड होती किंवा त्यांचे यश फुकटचे होते, असे मला म्हणायचे नाही. गुरुदत्तची प्रतिभा अस्सल होती. हिंदी चित्रपटसृष्टीत दिलेला शब्द पाळणारी माणसे किती असतील, हे मी सांगायला नको. माझे म्हणणे एवढेच की गरिबी आणि निराधारपण यांत फरक असतो आणि आपले समीक्षक तो करीत नाहीत. चित्रापूर सारस्वताच्या गरीब घरातही शिक्षण असते, इंग्रजी असते, प्रभातमध्ये शब्द टाकू शकेल असा नातलग असतो. जात अपमान करते हे आपण वारंवार सांगितले आणि सांगत राहिले पाहिजे. पण जात ओळखीही पुरवते, राहायला खोली पुरवते, बेकारीचे दहा महिने पुरवते, हे आपण पुरेसे मांडलेले नाही. ज्यांना ती हे पुरवते त्यांना ती दिसत नाही. त्यांना दिसते ती फक्त दोस्ती.

‘बाझी’च्याच निमित्ताने आणखी एक तरुण या वर्तुळात आला. इंदूरच्या गिरणी कामगाराचा मुलगा, बदरुद्दीन काझी. वडिलांचे काम गेल्यावर मोठे कुटुंब त्याच्या गळ्यात पडले आणि तो मुंबईत बेस्टच्या बसवर कंडक्टर झाला. बसमधल्या त्याच्या नकला पाहून बलराज साहनींनी त्याला गुरुदत्तकडे पाठवले. त्याने दारुड्याचे सोंग असे वठवले की त्याला काम मिळाले, आणि एका व्हिस्कीचे नावही मिळाले: जॉनी वॉकर. प्रस्थापित वर्तुळातला माणूसही दार उघडू शकतो, याचा हा पुरावा आहे आणि तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण हा कामगाराचा पोर पडद्यावर बहुतेक वेळा कोण झाला? नायकाचा मित्र. काही चित्रपटांत तो नायकही झाला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो नायकाच्या बाजूला उभा राहून हसवणारा. दोस्तीतही आसने ठरलेली असतात.

आता ‘प्यासा’कडे पाहा. १९५७ चा हा चित्रपट म्हणजे उपेक्षित कवीची शोकांतिका, असे आपल्याला शिकवले गेले. मीही तसेच शिकवत आलो. पण त्यात दोस्तीचा एक कठोर हिशेब मांडलेला आहे. मेला असे समजून कवी विजय प्रसिद्ध होतो, आणि तो जिवंत परत येतो तेव्हा त्याला कोणीच ओळखत नाही. भाऊ पैसे घेतात. प्रकाशकाला जिवंत कवी परवडत नाही. आणि श्याम, ज्याच्याबरोबर विजय बसला-उठला तो मित्र, तोही विकला जातो. विजयला वेड्यांच्या इस्पितळातून बाहेर काढतो तो अब्दुल सत्तार, डोक्याला तेल चोळून पोट भरणारा. आणि ही भूमिका जॉनी वॉकरची आहे! कंडक्टर होता तो माणूस येथे मालिशवाला झाला आहे आणि साऱ्या चित्रपटात मैत्री निभावणारा पुरुष तोच एक आहे. बरोबरीचा मित्र विकला जातो आणि ज्याला समाज बरोबरीचा मानत नाही तो उभा राहतो, हे गुरुदत्तला दिसले होते. मात्र सत्तारची स्वतःची महत्त्वाकांक्षा काय, त्याला काय व्हायचे होते, हे ‘प्यासा’ विचारीत नाही. सत्तारने मदत करायची आणि चित्रपटातून निघून जायचे. ही या थोर कलाकृतीची मर्यादा आहे.

येथे मला माझ्याविषयी लिहिणे भाग आहे, नाही तर हे सारे दुसऱ्याच्या घरातले दोष काढणे होईल.

समाजकल्याणच्या वसतिगृहात माझा एक खोलीमित्र होता. आम्ही दोघेही घरातले पहिले पदवीधर. त्याला सिनेमा करायचा होता, मला लिहायचे होते. आम्हीही एकमेकांना शब्द दिला होता: तू लिही, मी काढतो. तो मुंबईला गेला आणि एका मालिकेच्या सेटवर साहाय्यकाचा साहाय्यक झाला. महिनोन् महिने पैसे मिळत नसत. मिळाले की खोलीभाड्यात जात. तिसऱ्या वर्षी त्याचा फोन आला, “तीन महिन्यांचं भाडं थकलंय, काही होईल का?” मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होतो. बहिणीचे लग्न ठरले होते. मी म्हणालो, “परत ये. एखादी नोकरी बघू.”

तो परत आला. आज तालुक्याला मंडप आणि लाइटचा धंदा करतो. त्या मुलाच्या प्रश्नानंतर मी त्याला बऱ्याच वर्षांनी फोन केला आणि हा विषय काढला. तो म्हणाला, “तुझ्याकडं पैसे नव्हते हे मला माहीत होतं रे. पण तू ‘बघतो’ म्हणाला असतास तरी मी महिनाभर टिकलो असतो. तू ‘परत ये’ म्हणालास, ते लागलं.”

देव आनंद माझ्यापेक्षा चांगला मित्र होता काय? असेल. पण दोस्त पडू लागला तर आपणही पडू, अशी भीती त्याला वाटत नव्हती. मला वाटत होती. व्यवस्था आपल्याकडून फक्त पैसा हिरावून घेत नाही, मित्राला थांब म्हणण्याची हिंमतही हिरावून घेते.

म्हणूनच आपल्यातल्या काहींनी जे करून दाखवले त्याचे मोल नीट केले पाहिजे. नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांचे सौंदर्यशास्त्र आपण बरेच चर्चिले. पण एक साधी गोष्ट पाहा. २००९ च्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटातला सूरज पवार २०१३ च्या ‘फँड्री’त जब्याचा मित्र पिऱ्या होतो आणि २०१६ च्या ‘सैराट’मध्ये आर्चीचा भाऊ प्रिन्स. एक पोरगा एकदा वापरून सोडून दिलेला नाही. तिकडे तामिळमध्ये पा. रंजित यांनी रजनीकांतबरोबर ‘कबाली’ (२०१६) आणि ‘काला’ (२०१८) केले. अशी पत मिळालेला माणूस पुढे फक्त आपलेच चित्रपट काढत बसला असता तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी ‘नीलम’ ही निर्मितीसंस्था उभी केली आणि मारी सेल्वराज या दुसऱ्या तरुणाचा पहिला चित्रपट ‘परियेरुम पेरुमाळ’ २०१८ साली पडद्यावर आणला. देव-गुरुदत्त यांचा करार दोघांपुरता होता, दोघांनी तो पाळला आणि तो संपला. हा करार अजून ज्याची ओळखही झालेली नाही अशा तिसऱ्याशी आहे.

बाबासाहेबांनी बंधुतेवर दिलेला भर मला या संदर्भात आठवतो. १९४९ साली घटनासमितीत त्यांनी बजावले होते की बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता मूळ धरणार नाहीत. पुढे बुद्धाचा धम्म मांडताना त्यांनी मैत्री हा शब्द फार व्यापक अर्थाने वापरला. दोस्ती आपल्यासारख्याशी होते. मैत्रीला ओळखीची अट नसते. चित्रपटाचा धंदा दोस्तीवर चालतो, म्हणून त्यात त्याच त्या आडनावांची माणसे दिसतात. आपण तेथे शिरून आपल्या आडनावांची नवी टोळी केली, तर बदल फक्त आडनावांचा होईल. तोही धोका आपल्याला आहे, हे स्वतःला बजावून ठेवले पाहिजे. आणि या साऱ्या करारांत मुलींना जागा कोठे आहे, हाही प्रश्न आहे. वसतिगृहाच्या गच्चीवर आम्ही शब्द दिले-घेतले तेव्हा आमच्या वर्गातल्या मुली तेथे नव्हत्या.

कलावंताला प्रतिभा हवी, हे खरेच. पण प्रतिभेला थांबायला जागा लागते. आपल्या चळवळीने वसतिगृहे मागितली, शिष्यवृत्त्या मागितल्या, म्हणून माझ्यासारखे मास्तर झाले. पदवीनंतरची ती पाच वर्षे मात्र आपण प्रत्येकाच्या नशिबावर सोडून दिली. नोकरीला लागलेल्या आपण दहा जणांनी मिळून मुंबईत एका खोलीचे भाडे भरायचे ठरवले तर ते अशक्य आहे काय? यात दानधर्म नाही. हे आपले देणे आहे.

तो मुलगा यंदा शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा झाली की मुंबईला जायचे म्हणतो. मी त्याला माझ्या मित्राचा नंबर दिला आहे. दोघे फोनवर बोलले. मंडपवाला म्हणाला, “पहिल्या सहा महिन्यांच्या भाड्यात निम्मे माझे.”

उरलेल्या निम्म्याचा शब्द या वेळी मी दिला आहे.