'समुद्र आणि विष' : अपराध, सदसद्विवेक आणि न्याय

प्रास्ताविक

दुसऱ्या महायुद्धातील जपानी वैद्यकीय अत्याचारांचा विचार करताना शुसाकू एंडो (१९२३-१९९६) यांच्या 'समुद्र आणि विष' या कादंबरीची दखल घेणे अपरिहार्य ठरते. १९५७ मध्ये क्रमशः आणि १९५८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीस सत्य घटनेचा आधार आहे. मे-जून १९४५ मध्ये फुकुओका येथील क्यूशू इंपिरियल विद्यापीठात आठ अमेरिकन युद्धकैद्यांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग करून त्यांना ठार करण्यात आले. प्रस्तुत लेखात कादंबरीतील अपराधमीमांसेचे सामर्थ्य व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

कादंबरीचे सामर्थ्य

एंडो क्रौर्याचे भडक चित्रण टाळतात. अधिष्ठातापदाची चढाओढ, एका प्रतिष्ठित रुग्ण स्त्रीचा शस्त्रक्रियेत झालेला मृत्यू लपविण्याची धडपड आणि सैन्याधिकाऱ्यांची मर्जी यांतून हा प्रयोग जणू कार्यालयीन कामकाज म्हणून आकारास येतो. शिकाऊ डॉक्टर सुगुरो शस्त्रक्रियागृहात भिंतीला टेकून उभा राहतो. तो शस्त्र उचलत नाही, परंतु नकारही देत नाही. त्याचा सहकारी तोदा यास तर पश्चात्तापच होत नाही; आपल्याला तो का होत नाही, याचेच त्याला कुतूहल वाटते. अपराध हा दुष्ट व्यक्तींपेक्षा मूक सहभागींच्या बळावर घडतो, हे या दोन पात्रांतून प्रभावीपणे सूचित होते.

मर्यादा

तथापि, या मौनाचे मूळ एंडो ईश्वरी शिक्षेच्या भयाच्या अभावात शोधतात. ते स्वतः कॅथलिक होते, हे येथे लक्षणीय आहे. मरणासन्न रुग्णास इंजेक्शन देऊन संपवू पाहणाऱ्या परिचारिकेला प्राध्यापकांची जर्मन पत्नी हिल्डा अडवते व देवाच्या शिक्षेची आठवण देते. येथे विवेकाचा आवाज जर्मन असणे हेच या मीमांसेस छेद देणारे आहे. न्यूरेंबर्ग येथील १९४६-४७ च्या वैद्यकीय खटल्यातील २३ आरोपींपैकी २० डॉक्टर होते आणि ते ख्रिस्ती परंपरेच्या समाजातच वाढलेले होते.

दुसरा प्रश्न न्यायाचा आहे. क्यूशू प्रकरणाचा खटला १९४८ मध्ये योकोहामा येथे अमेरिकन लष्करी न्यायाधिकरणापुढे चालला. पाच जणांना देहदंड सुनावण्यात आला, मात्र त्याची अंमलबजावणी झाली नाही. याउलट, हार्बिननजीक पिंगफांग येथे प्रामुख्याने चिनी बंदिवानांवर प्लेग, अँथ्रॅक्स आदी जंतूंचे प्रयोग करणाऱ्या युनिट ७३१ चा प्रमुख शिरो इशी यास अमेरिकेने प्रयोगांच्या माहितीच्या मोबदल्यात अभय दिले. सोव्हिएत रशियाने १९४९ मध्ये खाबारोव्स्क येथे बारा जणांवर खटला चालविला. परंतु इशी अखेरपर्यंत आरोपी ठरला नाही. १९५९ मध्ये त्याचा मृत्यू झाला. म्हणजेच खटला उभा राहणे हे बळी कोणत्या राष्ट्राचा आहे, यावरही अवलंबून होते. कादंबरीची चौकट या व्यापक व्यवहारापर्यंत पोहोचत नाही. तीत बळी ठरलेल्या कैद्यांनाही स्वतंत्र आवाज लाभत नाही.

समारोप

या मर्यादा मान्य करूनही कादंबरीचे महत्त्व उणावत नाही. मात्र तिला केवळ जपानी मनाची चिकित्सा मानणे अपुरे ठरेल. श्रेणीबद्ध संस्थेत वरिष्ठांच्या शब्दापुढे कनिष्ठ गप्प राहतो, ही स्थिती कोणत्याही एका देशाची वा धर्माची नाही. भिंतीला टेकून उभा असलेला सुगुरो म्हणूनच अध्यापन आणि संशोधनाच्या क्षेत्रातील प्रत्येकास अस्वस्थ करतो.