सुखात्मेंची उलटतपासणी : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि वकिलाचे मन

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. तेव्हापासून त्याची चर्चा प्रामुख्याने लीला बेणारे आणि मध्यमवर्गीय दांभिकता यांभोवती फिरत राहिली. ते स्वाभाविकच होय. परंतु विधिक्षेत्रात अलीकडे ‘आघातसजग वकिली’ची भाषा बोलली जाते. साक्षीदाराच्या मनावरील जखमेचे भान ठेवून प्रश्न विचारावेत आणि या कामाचा वकिलाच्या मनावर होणारा परिणामही नजरेआड करू नये, असा तिचा आशय. त्या अंगाने पाहता नाटकातील वकील सुखात्मे हे पात्र पुन्हा वाचण्याजोगे ठरते.

सुखात्मेंकडे पक्षकार फिरकत नाहीत. पहिल्याच अंकात बेणारे सामंतासमोर त्यांच्या रिकामपणाची यथेच्छ टर उडवते. पुढे तीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते आणि खऱ्या न्यायालयात ज्याला कोणी विचारत नाही, त्या माणसाच्या हाती उलटतपासणीचे हत्यार येते. हा निव्वळ योगायोग नव्हे. बचावाचे वकील असणारे प्रा. दामले अनुपस्थित असल्यामुळे ती भूमिकाही सुखात्मेच स्वीकारतात. आरोप करताना त्यांचा उत्साह ओसंडत असतो. बचाव करताना मात्र गुन्हा जणू मान्यच करून ते दयेची याचना करतात. न्यायाधीश काशीकर तर स्वतःच साक्ष देण्यास सरसावतात. प्रक्रियेचे सर्व शब्द शाबूत आहेत. प्रक्रिया ज्या संरक्षणासाठी असते तेवढे मात्र नाही. आणि बेणारेची घुसमट दिसू लागताच प्रत्येकाजवळ एक सबब तयार असते : हा तर खेळ आहे.

न्यायालयांत हीच सबब ‘हा तर पेशा आहे’ या रूपात ऐकू येते. खेळातला क्रूरपणा खऱ्या न्यायालयात घडणार नाही, असे समाधान प्रेक्षकाने मानून घ्यावे, तर देसाईगंज पोलीस ठाण्यातील १९७२ चे प्रकरण आठवावे. त्यात सत्र न्यायालयाने पीडितेच्या पूर्वायुष्यावर बोट ठेवले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नसल्याचा आधार घेऊन आरोपींना मुक्त केले. पीडितेच्या सर्वसाधारण चारित्र्यावर हल्ला करण्याची मुभा पुरावा कायद्यातून वगळली गेली, ती २००३ मध्ये. तत्पूर्वी १९९६ मध्ये, गुरमितसिंग खटल्यात, उलटतपासणीच्या वेळी न्यायाधीशांनी मूक प्रेक्षक राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार वकिलाचे प्रश्न बालकापर्यंत न्यायालयामार्फतच जातात. २०२२ मध्ये दुर्बल साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रे उभारण्याचे निर्देश सर्व उच्च न्यायालयांना देण्यात आले. तो आदेश महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात झाला.

या सुधारणा मोलाच्या आहेत. मात्र त्या सर्व प्रश्नांवर मर्यादा घालतात; प्रश्न विचारणाऱ्याकडे त्या वळत नाहीत. बलात्कार, कौटुंबिक हिंसा, खून यांची वर्णने वर्षानुवर्षे ऐकणारा वकील ती घरी घेऊन जातो, किंवा बधिर होतो. बधिर झालेला वकील समोरच्या बाईचे थांबणे ‘साक्षीतील विसंगती’ म्हणून नोंदवतो. अपयशाने कडवट झालेला सुखात्मे आणि यशाने बधिर झालेला वकील साक्षीदाराच्या दृष्टीने फारसे वेगळे नसतात. येथे तेंडुलकरांच्या नाटकाची एक मर्यादाही नोंदवावीशी वाटते : सुखात्मेंना एकांताचा एकही क्षण मिळत नाही. त्यांचे वैफल्य आपल्याला चेष्टेतूनच कळते. त्यामुळे त्यांचा तिटकारा येतो, त्यांच्याविषयी प्रश्न पडत नाही.

अध्यापकांना हा मुद्दा दूरचा नाही. तेंडुलकरांचा खेळ म्हणजे अभिरूप न्यायालय, आणि अभिरूप न्यायालय हा विधी अभ्यासक्रमाचा आवश्यक भाग आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत त्याला ३० गुण आहेत. प्रत्यक्ष खटल्यांच्या निरीक्षणासही ३०. विद्यार्थी वहीत कामकाजाचे टप्पे उतरवतो. साक्षीदार रडू लागल्यावर न्यायालयाने काय केले, प्रश्न बदलला का, आणि ते पाहताना स्वतःला काय वाटले, हे त्या वहीत लिहावे असे त्यास कोणी सांगत नाही. हे सांगण्यासाठी नियम बदलण्याची गरज नाही. विषय शिकवणाऱ्याने पहिल्या तासाला सांगितले तरी पुरे.

नाटकाच्या अखेरीस न्यायालय बेणारेस बोलण्यासाठी दहा सेकंद देते. तिचे प्रदीर्घ स्वगत त्या दहा सेकंदांत, इतर सारे गोठलेले असताना, घडते. प्रेक्षक ते ऐकतो. कामकाजात त्यातला एक शब्दही नोंदला जात नाही.