गणन स्वयंचलित, भाकीत नव्हे

जिनीव्हाजवळील आघातयंत्रात प्रोटॉनांची टक्कर झाली असता काय घडेल, याचे भाकीत पदांच्या मालिकेने केले जाते. पहिले पद स्थूल उत्तर देते. पुढील प्रत्येक पद त्याची शुद्धी होय. दुसऱ्या पदाचे गणित पूर्वी प्रत्येक प्रक्रियेसाठी स्वतंत्रपणे मांडावे लागे. योहान आल्वाल व त्यांच्या नऊ सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आणि ‘मॅडग्राफ’ कुलातील प्रणालीत हे श्रम संगणकावर सोपविले आहेत.

या कार्याचे मोल निर्विवाद आहे. अभ्यासकाने प्रक्रिया एका ओळीत लिहावी. पुढील आकृत्या व संकलने यंत्र करते. आभासी कणांच्या वलयांतून व अतिमंद ग्लुऑनांच्या उत्सर्जनातून उद्भवणाऱ्या अनंत राशी अखेरच्या बेरजेत परस्परांना नाहीशा करतात. परंतु संगणकास त्या आधीच वेगळ्या काढाव्या लागतात. त्यासाठी फ्रिक्सिओने, कुन्स्त व सिग्नर यांची १९९६ ची वजाबाकीची रीत योजिली आहे. एकच उत्सर्जन गणितात व नंतरच्या कणवर्षावात असे दोनदा मोजले जाऊ नये, म्हणून फ्रिक्सिओने व वेबर यांनी २००२ मध्ये दाखविलेला मार्ग अनुसरला आहे. त्याची किंमत अशी की, काही घटना मोजणीत मिळवावयाच्या नसून वजा करावयाच्या असतात.

तथापि निबंधाच्या शीर्षकात ‘स्वयंचलित’ हे विशेषण गणनास लावले आहे. वाचक ते नकळत भाकितासही लावतो. भाकिताची अनिश्चितता अजमावण्यासाठी गणितातील ऊर्जेचे एक गृहीत मान निम्मे व दुप्पट करून पाहतात. ही रूढी होय, मापन नव्हे. दोन ग्लुऑनांपासून होणाऱ्या हिग्ज कणाच्या निर्मितीचे दुसरे पद १९९१ मध्ये काढले गेले, तेव्हा उत्तर दीडपटीच्या आसपास किंवा त्याहूनही वाढले. पहिल्या पदाच्या अनिश्चिततेत एवढ्या वाढीस जागा नव्हती. आनास्तासिउ व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये चौथे पद काढले, तेव्हा मालिका स्थिरावत असल्याचे दिसले. ही पुढील पदे प्रस्तुत प्रणालीच्या कक्षेबाहेरची आहेत.

म्हणून प्रयोग व भाकीत यांत तफावत आढळल्यास ती नव्या कणाची खूण की न काढलेल्या पदाची, हा प्रश्न यंत्र सोडवीत नाही. प्रणाली वापरणाऱ्याने कोणते मान निवडले व का, हे निष्कर्षाबरोबर नोंदविणे अगत्याचे आहे.